दात्याचे नाव आणि महर्षी कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आजवर अनेकांनी लिहिले आहे. विधवांचे कैवारी, स्त्रीशिक्षणाचे अग्रणी, शंभर वर्षे पार केलेले भारतरत्न या नात्याने वाचकांस ते परिचित आहेतच. आम्ही येथे त्यांच्या आयुष्याची एकच बाजू विचारास घेत आहोत. अण्णासाहेबांनी जवळजवळ सारा जन्म लोकांपाशी पैसे मागण्यात घालविला. ते त्यांनी कसे मागितले, देणाऱ्याला त्याच्या देण्याची पोच कोणत्या रूपाने दिली, आणि एका मोठ्या दात्याने नावाची अट घातली तेव्हा काय केले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. देवस्थान असो, शाळा असो वा अनाथालय असो, वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक मंडळीपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे आजोळी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. घराण्याचे जुने वैभव सरलेले, वडील साध्या नोकरीवर संसार चालविणारे. परंतु मागून खाण्याची घरात सक्त मनाई. ज्या मुलाला पुढे अर्ध्या जगापुढे हात पसरावयाचा होता, त्याचे बालपण अशा मानी घरात गेले हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजी नावाचे एक शिक्षक होते. गावच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम ते या लाजाळू मुलाकडून करून घेत. सार्वजनिक कामाचा पहिला धडा अण्णांना देवळातच मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

१८७५ साली पब्लिक सर्व्हिस परीक्षेसाठी हा मुलगा ऐन पावसाळ्यात कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास गेला. अंतर शंभर मैलांहून अधिक. तेथे पोचल्यावर, दिसावयास फार लहान म्हणून त्याला परीक्षेस बसूच दिले नाही. आला तसा तो परत गेला. मॅट्रिक होण्यास तेविसावे वर्ष उजाडले. मुंबईत शिकवण्या करीत करीत १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले.

मुंबईतील या दिवसांत अण्णांच्या डोळ्यांसमोर एक इमारत रोज उभी असे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला होता. शेअरबाजारातील विख्यात व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसा दिला आणि मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव देवविले. त्या काळच्या मुंबईत हे नवे नव्हते. माहीमची खाडी ओलांडण्यासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी सुमारे १,५७,००० रुपये दिले, आणि १८४५ साली खुल्या झालेल्या त्या रस्त्याला त्यांचे नाव लागले. जमशेटजींना १८४२ साली सर ही पदवी मिळाली, ती मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. १८५७ साली बॅरोनेट ही वंशपरंपरेची पदवीही मिळाली. त्यांच्या अफाट दानधर्माचा या मानांत मोठा वाटा होता. दानाला पदवीची जोड दिली की पैसा बाहेर येतो, हे इंग्रज सरकारला पुरते उमगले होते. रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर या पदव्यांच्या मागे कोठे एखादी धर्मशाळा, कोठे एखादा दवाखाना उभा असलेला दिसतो. पुण्याच्या मंडळींनीही ही रीत नाकारली नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली कॉलेज काढले तेव्हा त्याला गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचेच नाव दिले. त्यांनी स्वतः दिलेली देणगी बाराशे रुपयांची होती.

आमच्या मते यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. आपली देवळे तरी काय सांगतात? घाटाच्या पायरीवर, दीपमाळेच्या दगडावर, सभामंडपातील घंटेवर देणाऱ्याचे नाव असतेच. पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे आम्ही पाहत आलो आहो की, उत्सवाला बाहेरगावाहून आलेली कुटुंबे देवाला नमस्कार केल्यावर पुष्कळदा एका विशिष्ट फरशीपाशी जातात, पायाने धूळ बाजूला करतात आणि आजोबांचे नाव मुलांकडून वाचवून घेतात. यात अहंकार असेल. पण त्या मुलांचे त्या देवळाशी नाते जुळते तेही त्याच फरशीवर.

अण्णांची पहिली वर्गणी मात्र नावासाठी नव्हती. मुंबईत असतानाच त्यांनी मुरूडच्या नोकरदार मंडळींना एकत्र करून मुरूड फंड काढला. ज्याने त्याने आपल्या मिळकतीतील लहानसा अंश गावासाठी बाजूला काढावा, अशी ती साधी योजना. त्या पैशाचा उपयोग पुढे गावच्या शाळेला झाला. हा पहिला प्रयोग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. एकाने पुष्कळ देण्यापेक्षा पुष्कळांनी थोडे थोडे नेमाने द्यावे, हा अण्णांचा स्वभाव येथेच दिसतो. पुढे मोठी देणगी आली तरी तो सुटला नाही.

१८९१ साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा पंचाहत्तर रुपये. पुनर्विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा निश्चय करून ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची ही बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सर्वांच्या बाया. या लग्नाने मुरूड खवळले. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि स्वतःच्या आईच्या घरी उतरणेही त्यांना अशक्य झाले.

त्याच वर्षी विधवाविवाहाच्या कामासाठी एक मंडळी त्यांनी स्थापन केली. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, पुनर्विवाहाला तयार होणारी विधवा शंभरांत एखादी. बाकीच्यांना प्रथम शिक्षण आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधन हवे. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आपल्या शिलकेतील एक हजार रुपये प्रथम त्यात घातले, आणि मगच दुसऱ्यांच्या दारी गेले.

वर्गणी मागण्याच्या कलेत अण्णांनी येथे एक मोठी गोष्ट केली. पुनर्विवाह न मानणारे पुष्कळ सज्जन विधवांच्या शिक्षणाला मदत करावयास तयार होते. पण आपला पैसा नकळत दुसऱ्याच कामाला लागेल, ही धास्ती त्यांना होती. अण्णांनी दोन्ही कामे निराळी ठेवली. स्वतः विधवाविवाह केलेला हा मनुष्य आश्रमातून विधवाविवाहाचा प्रचार होणार नाही हे पथ्य पाळू लागला आणि पुनर्विवाहाच्या चळवळीतून स्वतः मागे सरला. काही सुधारकांना हे भेकडपणाचे वाटले असेल. आम्हांस ते दात्याशी ठेवलेले इमान वाटते. ज्या कामासाठी पैसा मागितला त्याच कामाला तो लावावयाचा, ही त्यांची पहिली पावती.

दुसरी पावती कागदाची होती. आश्रमाचा जमाखर्च आणि अहवाल वर्षाच्या वर्षाला लोकांपुढे येई. कॉलेजला सुटी लागली की अण्णा गावोगाव वर्गणीस निघत. मुळात अबोल आणि संकोची. वक्तृत्व बेताचे. मग लोक देत ते कशाला? आमच्या समजुतीने हिशेबाला. आपले दिलेले चार आणेही वहीत जमा होतात हे ज्याला कळले तो पुढल्या वर्षी आठ आणे देतो. हा अनुभव आमच्या वाचकांपैकी ज्यांनी कधी वर्गणीचे पुस्तक हाती घेतले असेल त्यांना नवा नाही.

पुण्यात प्लेगचा कहर झाला तेव्हा आश्रम गावाबाहेर नेणे भाग पडले. रावबहादूर गोखले नावाच्या एका सद्गृहस्थांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. (गोपाळराव गोखल्यांशी नावसाधर्म्यामुळे वाचकांचा घोटाळा होऊ नये, हे निराळे.) १९०० साली त्या माळावर झोपडी उभी राहिली. दिवसा अण्णा कॉलेजात गणित शिकवीत आणि संध्याकाळी सुमारे चार मैल चिखल तुडवीत, खांद्यावर सामान घेऊन हिंगण्यास जात. रस्त्यात लोक टाकून बोलत, तेही ऐकून घेत. बायांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमात शिकल्या, तेथेच राबल्या आणि आश्रमाच्या वर्गणीसाठी गावेच्या गावे फिरल्या. इंग्रजी फारसे येत नसताना १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या, परक्या घरी मोलकरणीचे काम करून भाषा शिकल्या आणि तेथेही संस्थेसाठी झोळी पसरली. अण्णांच्या चरित्रात या बाईला नेहमी दोन ओळी मिळतात. वास्तविक तिच्यावर निराळा लेख व्हावयास हवा.

अण्णांच्या दातृत्वाची झळ मात्र घरच्यांना सोसावी लागली. असेल ते संस्थेला, उरेल ते घराला, असा त्यांचा हिशेब. आणि उरत फारसे नसे. मुलांचे शिक्षण, आजारपणे, पाहुणे हे सारे बायांनी निभावून नेले, कधी सुइणीचे काम शिकून, कधी घरी मुले जेवावयास ठेवून. बायांनी पुढे माझे पुराण या नावाने आत्मकथा सांगितली, तीत हे सारे मोकळेपणाने आले आहे. थोर पुरुषाच्या दानाची वही लिहिताना त्याच्या बायकोच्या खात्यावर काय मांडले गेले, हेही पाहावे. ते पाहिल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.

भाऊबीज फंडाचा उल्लेखही येथेच केला पाहिजे. हिंगण्याच्या संस्थेसाठी कार्यकर्त्यांनी पुढे ही योजना चालू केली. भाऊबिजेच्या दिवशी जसे बहिणीच्या ताटात काही घालावयाचे, तसेच या शिकणाऱ्या बहिणींसाठीही प्रत्येकाने काही घालावे. देणाऱ्याचे नाव कोठे कोरले जात नाही, त्याला पदवी मिळत नाही. पण देताक्षणीच तो दाता न राहता भाऊ होतो. याहून मोठा किताब कोणत्या सरकारने दिला असता? आपल्या सणातून, आपल्या नात्यातून निघालेली ही कल्पना आहे, आणि पावती म्हणून ती आम्हांस संगमरवरी पाटीपेक्षा सरस वाटते.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले, पाठोपाठ कार्यकर्ते तयार करणारा निष्काम कर्ममठ. १९१४ साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. इतर लोक ज्या वयात पोथी घेऊन बसतात त्या वयात त्यांचे सर्वांत मोठे काम सुरू झाले. काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी तोकिओच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारे एक पुस्तक त्यांच्याकडे पाठविले होते. आधी ते तसेच बाजूला पडले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले तेव्हा भाषणाच्या तयारीसाठी ते पुन्हा हाती घेतले आणि मनाने पेट घेतला. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ, शिक्षण मातृभाषेतून, असा विचार त्यांनी त्या परिषदेत मांडला. १९१६ च्या जूनमध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले. कॉलेजच्या पहिल्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या.

सरकारची सनद नाही, तिजोरीचा आधार नाही. विद्यापीठ चालविले ते वर्गणीदारांनी. वर्गणी देणाऱ्यांना कारभारी मंडळ निवडण्याचा हक्क ठेवला होता. म्हणजे पाच-दहा रुपये देणारा मनुष्य नुसता दाता नव्हे, विद्यापीठाचा मतदारही होता. अण्णा हिंदुस्थानभर फिरले. जेथे मराठी वस्ती असेल तेथे ओळखीपाळखीने उतरावयाचे, सभा घ्यावयाची, यादी करावयाची आणि पुढचे गाव गाठावयाचे.

आता ज्या प्रसंगासाठी हे चरित्र सांगावयास घेतले त्याकडे येतो. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे त्या काळचे मोठे कर्तबगार गृहस्थ. जातीने भाटिये, जन्म १८७३ चा, कायदेमंडळात सभासद. १९११ साली मुंबईत सहकारी चळवळीची मध्यवर्ती बँक निघाली तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. पत्नी प्रेमलीलाबाई यांच्यासह ते परदेशप्रवासास गेले असता जपानचे महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या संस्थेची हकीकत वाचून पुण्यातील एका निवृत्त मास्तरांनी विद्यापीठ काढले, तीच संस्था पाहून मुंबईतील एका गिरणीमालकाचे मन वळले. १९२० साली सर विठ्ठलदासांनी अण्णांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. तिच्यासोबत ठळक अट अशी की, विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव द्यावे.

पंधरा लाख म्हणजे काय, याची कल्पना वाचकांस यावी म्हणून थोडा हिशेब करतो. कॉलेजात अण्णांचा पगार वर्षाला नऊशे रुपये होता. त्या पगाराने पंधरा लाख मिळवावयास सोळाशेहून अधिक वर्षे लागली असती. हिंगण्याच्या साडेसातशे रुपयांच्या झोपड्या त्यात बरोबर दोन हजार झाल्या असत्या. आणि पाच पाच रुपये देणारे वर्गणीदार धरले तर ते तीन लाख हवे होते. मूळ रक्कम लगोलग हाती पडावयाची नव्हती. साडेतीन टक्के दराने तिचे उत्पन्न, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये, मिळावयाचे होते. तरीही उद्या शिक्षकांचा पगार कोठून द्यावा या चिंतेत असलेल्या विद्यापीठाला ती अन्नपूर्णा होती.

पण अट साधी नव्हती. राजाबाई टॉवर ही एक इमारत. तिला नाव दिल्याने विद्यापीठाचे नाव बदलले नाही. अवाबाईंनी रस्ता बांधविला, त्याला नाव मिळाले. येथे सारी संस्थाच एका नावाखाली जावयाची होती. तिच्या पायात शेकडो लोकांचे आणे-पैसे होते, हिंगण्याचा चिखल होता, पार्वतीबाईंचे मोलकरणीपण होते. भारतवर्षीय हे नाव कोणा एका कुळाचे नव्हते, म्हणून ते सर्वांचे होते. पुण्यातील मध्यमवर्गीय ब्राह्मणाने काढलेल्या संस्थेवर मुंबईच्या गुजराती व्यापाऱ्याच्या आईचे नाव, हेही त्या दिवसांत लोकांच्या सहज पचनी पडण्यासारखे नव्हते. चार आणे देणाऱ्याने विचारावे, माझ्या चार आण्यांचे नाव कोठे गेले? हा प्रश्न खोटा नाही, आणि मोठ्या देणगीच्या आनंदात तो दडपून टाकणे आम्हांस पसंत नाही.

विद्यापीठाने अट मान्य केली. पुढे विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतवर्षीय महिला विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले.

आमच्या बुद्धीप्रमाणे अण्णांनी योग्य केले, आणि त्याची कारणे त्यांच्या मागल्या पंचवीस वर्षांतच सापडतात. त्यांनी कधी स्वतःचे नाव संस्थेला लावले नव्हते. जे स्वतःसाठी धरून ठेवलेच नव्हते ते दुसऱ्याला देण्यात त्यांचे काही जाणार नव्हते. त्यांना जपावयाचे होते ते काम, म्हणजे मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांना सोयीचा अभ्यासक्रम. नाव बदलून हे बदलत नव्हते. दात्याने नाव मागितले तर द्यावे. काम वळवावयास मागितले तर मात्र द्रव्यही नको म्हणावे. ही रेघ त्यांनी कोठे लिहून ठेवली होती की नाही ते महत्त्वाचे नाही. आश्रमासाठी पुनर्विवाहाचे काम बाजूला ठेवताना ती त्यांच्या वागण्यात होतीच. शिवाय नाव दिले ते कोणाचे? व्हाइसरॉयचे नाही, गव्हर्नरचे नाही, गिरणीचेही नाही. एका मुलाने आपल्या आईचे नाव मागितले. स्त्रियांच्या विद्यापीठाला एका गृहिणीचे नाव, यात अनौचित्य शोधावयास बसले तर फार खोल खणावे लागेल.

आणखी एक गंमत काळाने केली. पंधरा लाखांनी घेतलेले ते लांबलचक नाव लोकांच्या तोंडी बसलेच नाही. त्याची चार इंग्रजी अक्षरे उरली, एस. एन. डी. टी. या अक्षरांआड नाथीबाई नावाची कोणी माउली आहे, हे तेथे शिकणाऱ्या मुलींपैकी सगळ्यांनाच ठाऊक असते असे नाही. नाव कोरून घेणाऱ्या प्रत्येकाने हे पाहून ठेवावे.

सर विठ्ठलदास १९२२ साली, पन्नाशीही न गाठता, वारले. दाता जिवंत असताना अटींचा अर्थ त्याला विचारता येतो. तो गेल्यावर कागदाला विचारावे लागते. मोठ्या एकाच देणगीवर विसंबणाऱ्या संस्थेला हे भय नेहमीचेच, आणि अण्णा विसंबून राहिलेही नाहीत. १९२९ च्या मार्चमध्ये, सत्तर वर्षे पुरी झाल्यावर, ते इंग्लंडला निघाले. युरोपातील शिक्षण-परिषदांतून बोलले, अमेरिकेत महिनोन्‌महिने फिरले, जपानात जाऊन ते महिला विद्यापीठ एकदाचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि १९३० च्या एप्रिलमध्ये परतले. वर्ष सरते न सरते तो आफ्रिका. मोम्बासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा पंधरा महिन्यांचा दौरा त्यांनी केला. त्यांचे चिरंजीव शंकरराव तिकडे डॉक्टर होते. त्यामुळे पाय टेकावयास घर होते. तेथील हिंदी व्यापाऱ्यांपुढे या म्हाताऱ्याने पुन्हा तीच वही उघडली. आता विद्यापीठाचे नाव देऊन झाले होते. देणाऱ्याला द्यावयास पावतीखेरीज काही उरले नव्हते. तरी लोकांनी दिले.

१९३६ साली विद्यापीठाचे कार्यालय पुण्याहून मुंबईस गेले. सनदेची वाट मात्र स्वातंत्र्यानंतरपर्यंत पाहावी लागली. १९५१ साली कायद्याने विद्यापीठाला मान्यता मिळाली आणि पहिल्या कुलगुरू झाल्या लेडी प्रेमलीला ठाकरसी. नाव मागणाऱ्याचे घराणे नावापुरते राहिले नाही, कामालाही लागले, एवढे न्यायाने सांगितले पाहिजे. पतीच्या मागे या बाईंनी विद्यापीठासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या. नावामुळे जुळलेले नाते असेही फळते.

१९३६ सालीच अण्णांनी, वय अठ्ठ्याहत्तर, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी एक मंडळ काढले. जेथे शाळा नाही अशा गावी शाळा घालावयाची. त्या वेळी त्यांचे पेन्शन दरमहा सत्तर रुपये होते. त्यातील पंधरा रुपये त्यांनी या मंडळाला लावून दिले आणि उरलेल्यासाठी पुण्याच्या रस्त्यांतून पायी हिंडू लागले. दुकानाच्या पायरीशी उभे राहावयाचे, नाणे घ्यावयाचे, पुढल्या दुकानाशी जावयाचे. ज्याने एका सहीने पंधरा लाख येताना पाहिले होते त्याला पैसा-पैसा मागताना कमीपणा वाटला नाही. मुरूड फंडाच्या वेळी जी रीत होती तीच अर्ध्या शतकानंतर. १९४४ साली जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला तोही असाच. १९५० साली बाया गेल्या.

मग मान आले. काशी, पुणे, मुंबई येथील विद्यापीठांनी आणि त्यांच्या स्वतःच्या महिला विद्यापीठाने पदव्या दिल्या. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. त्याच वर्षी त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, ते पुण्यास वारले. हिंगण्याच्या माळाला पुढे कर्वेनगर हे नाव पडले. मुंबईत चर्चगेट स्टेशनला लागून जाणारा जुना क्वीन्स रोड महर्षी कर्वे मार्ग झाला. तेथून जवळच, विद्यापीठ ज्या रस्त्यावर आहे, त्याचे नाव नाथीबाई ठाकरसी मार्ग आहे.